विमान आपोआप उडत नाही, संपादकसाहेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत विमानप्रवासावरचा लेख वाचला. छान होता, पण त्यात एक वाक्य होतं की आजकालची विमानं आपोआपच उडतात, पायलट नुसता बसून असतो. ते काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. मी बरीच वर्षं सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, एअरलाइन पायलटांना शिकवलंय, आता निवृत्त आहे.

आधी चूक दुरुस्त करतो. ऑटोपायलटला उंची, वेग, कुठल्या पॉइंटवरून कुठं वळायचं हे सगळं पायलटनेच सांगायचं असतं आणि मग तो सांगितल्यासारखं करतोय का यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं असतं. लँडिंग तर बहुतेक वेळा पायलट हातानेच करतो, ऑटोलँड, म्हणजे यंत्राने उतरवणं, मुख्यतः दाट धुक्यात वापरतात. पण हेही खरं की टेकऑफनंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट लागतो तो उतरायच्या जरा आधी निघतो, मधले सगळे तास यंत्राचे. त्यात वाईट काहीच नाही. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात एकाच्या वर एक उडणाऱ्या विमानांमध्ये फक्त १,००० फुटांचं अंतर असतं, तिथं उंची धरून ठेवणारी ऑटोमॅटिक यंत्रणा विमानात असलीच पाहिजे असा नियम आहे. आणि या यंत्रांमुळे विमानप्रवास कितीतरी सुरक्षित झालाय हे मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे मी ऑटोमेशनच्या विरोधात अजिबात नाही.

माझी काळजी वेगळी आहे. एक प्रसंग सांगतो. एक तरुण फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट होता, हुशार, सगळ्या चाचण्या पहिल्या झटक्यात पास. सेशन संपायला थोडा वेळ होता म्हणून मी त्याला १०,००० फुटांवर आणलं, स्वच्छ हवा दिली आणि ऑटोपायलट, ऑटोथ्रॉटल (इंजिनची ताकद आपोआप कमीजास्त करणारा), फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठं ठेवायचं ते स्क्रीनवर दाखवणारा) आणि समोरचा मॅप सगळं काढून घेतलं, म्हटलं आता उतरव. पहिला मिनिटभर साइडस्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी पडली, विमान वरखाली होत होतं, पण मग हात बसला आणि खरंच चांगलं उडवायला लागला. तेवढ्यात मी विचारलं, रनवे किती मैलांवर आहे आणि आत्ता आपण किती उंचीवर असायला हवं? गप्प. नजर सारखी त्या काळ्या स्क्रीनकडे जात होती. शेवटी म्हणाला, "सर, मॅप नाहीये."

हिशोब साधा असतो, दर हजार फूट खाली यायला साधारण तीन मैल, म्हणजे दहा हजारांवरून तीस मैल, आणि अंतर सांगणारं साधं मीटर तर त्याच्या समोर चालूच होतं. त्याला हे येत नव्हतं असं नाही, परीक्षेत विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतं. पण रोज हे काम कॉम्प्युटर करून देतो ना, त्यामुळे मनातल्या मनात विमानाच्या पुढं राहायची सवयच सुटलेली. पुढं नासाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला, २०१४ मध्ये, त्यांनी १६ एअरलाइन पायलटांना बोइंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरवर बसवून ऑटोमेशन कमी करत करत उडवायला लावलं होतं, आणि निघालं काय तर हाताने उडवणं आणि मीटर वाचणं थोडं गंजलेलं असलं तरी बऱ्यापैकी शाबूत होतं, घसरलं होतं ते आपण कुठं आहोत, पुढं काय करायचं, कुठलं मीटर खोटं बोलतंय हे ओळखणं. मला त्या पोराचा चेहरा आठवला.

आता १ जून २००९ ची गोष्ट घ्या. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं फ्लाइट ४४७, एअरबस ए३३० विमान, आत २२८ माणसं. अटलांटिकवर ३५,००० फुटांवर वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांमध्ये बर्फाचे कण अडकले, वेगाचे आकडे चुकले, ऑटोपायलट सुटला. कॅप्टन विश्रांतीला गेलेले, कॉकपिटमध्ये दोन को-पायलट. विमान त्या क्षणी ठणठणीत होतं, नाक आणि पॉवर होती तशी ठेवली असती तर मिनिटभरात आकडे परत आले असते, आलेही. पण साइडस्टिक मागे ओढली गेली, विमान ३८,००० फुटांपर्यंत चढलं, वेग गेला, स्टॉल झालं, म्हणजे पंखांना उचलून धरणारा जोर संपला. स्टॉलची वॉर्निंग सलग ५४ सेकंद वाजत होती आणि तरी स्टॉल झालाय हे कुणी ओळखलं नाही. त्यात यंत्रानेही घोळ घातला, वेगाचा आकडा ६० नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) खाली गेला की वॉर्निंग बंद पडायची आणि नाक खाली केलं, म्हणजे जे करायला हवं तेच केलं, की परत वाजायला लागायची. काळोखात माणसाने त्यातून काय समजायचं? ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत सगळं संपलं. लोक पायलटांना नावं ठेवतात तेव्हा मला फार त्रास होतो, कारण फ्रेंच तपास अहवालातच लिहिलंय की एवढ्या उंचीवर वेगाचे आकडे बिघडले तर काय करायचं आणि विमान हाताने कसं सांभाळायचं याचं ट्रेनिंग त्या दोघांना दिलेलंच नव्हतं. जे कधी करायलाच दिलं नाही ते रात्रीच्या अंधारात, समुद्रावर, वॉर्निंगच्या गोंगाटात जमायला हवं होतं अशी आपली अपेक्षा.

६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत तर लख्ख ऊन होतं. रनवेचा ग्लाइड स्लोप, म्हणजे उतरायचा उतार दाखवणारा रेडिओ सिग्नल, बंद होता म्हणून नजरेने उतरायचं होतं. एशियाना या कोरियन कंपनीच्या बोइंग ७७७ मधल्या पायलटांना वाटलं वेग ऑटोथ्रॉटल सांभाळतोय, पण तो ज्या मोडमध्ये गेला होता त्यात तो वेग सांभाळत नाही. १३७ नॉट हवा होता तो वेग १०३ पर्यंत पडला, शेपूट समुद्राकाठच्या भिंतीला लागली, तीन जण गेले.

अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमानवाहतूक नियामकाने, २०१३ च्या जानेवारीतच एअरलाइन्सना कळवलं होतं की पायलटांना हाताने उडवायला प्रोत्साहन द्या. तरी अजून पुष्कळ कंपन्या जमेल तेवढं ऑटोमेशन वापरा असंच सांगतात. शिवाय प्रत्येक फ्लाइटचा डेटा तपासला जातो, हाताने उडवताना वेग जरा इकडंतिकडं झाला की ऑफिसातून फोन येईल या भीतीने पायलट म्हणतो जाऊ दे, कशाला झंझट. यात दोष त्याचा नाही. आणि सहा महिन्यांनी सिम्युलेटरला यायचं तर काय बिघडणार हे बहुतेकांना आधीच पाठ असतं, व्ही-वनला (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवता येत नाही तिथं) इंजिन जाणार, मग हे करायचं, मग ते करायचं. दचकायची सवय त्यातून होत नाही.

माझं म्हणणं एवढंच की स्वच्छ हवेत, कमी गर्दीच्या विमानतळावर, दोघांनी आधी बोलून घेऊन, दहा हजार फुटांच्या खाली सगळं ऑटोमेशन बंद करून उडवायला कंपनीने स्वतःहून सांगावं, तेवढ्यापुरत्या छोट्या चुकांवर शिक्षा करू नये, आणि सिम्युलेटरवर न सांगता मॅप काढून घ्यावा. याला खर्च फारसा नाही.

तुमच्या लेखकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखाद्या एअरलाइनच्या माणसाशी बोलाल तेव्हा विचारा, तुमच्याकडे ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल दोन्ही बंद करून उडवायची परवानगी आहे का, आणि असेल तर गेल्या महिन्यात किती जणांनी ती वापरली. जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं छापा, मी वाट बघतोय.

आपला,
एक निवृत्त सिम्युलेटर प्रशिक्षक