वार पडेपर्यंत सोबत सोडू नका

महोदय,

माझी उभी नोकरी ठाण्यातल्या लेबर रूममध्ये झाली. अलीकडे भाचीच्या बाळंतपणाला पहिल्यांदाच दाराबाहेरच्या बाकड्यावर बसले. सोबतीला आत गेलेली तिची जाऊ बाळाचं रडणं ऐकल्याबरोबर मोबाइल घेऊन बाहेर धावली. "मुलगी झाली!" लगेच व्हिडिओ कॉल सुरू, पेढ्यांचा पुडाही फुटला. वार (बाळामागून पडणारी, नाळेच्या दुसऱ्या टोकाची प्लासेंटा) पडली का, हे मी विचारलं तर जाऊबाईंना प्रश्नच कळला नाही.

सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण आत घ्यायला केंद्र सरकारने 2016 मध्ये मुभा दिली, हे फार चांगलं झालं. पण बाईच्या जिवाला खरा धोका बाळ बाहेर आल्यावर असतो, हे त्या सोबतिणीला कुणी सांगत नाही.

दिवस भरले की गर्भपिशवीला मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जातं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. पिशवी आवळली तरच त्या मिटतात. म्हणून बाळ झाल्यावर मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतात. पिशवी घट्ट होऊन वर सरकते, रक्ताची एक धार येते, बाहेरची नाळ लांबते. मग एका हाताने ओटीपोटावरून पिशवी वर धरायची आणि दुसऱ्या हाताने नाळ बेताने खाली ओढायची. नुसती खेचाखेच केली तर नाळ तुटते, क्वचित पिशवीच उलटी होऊन बाहेर येते. बहुतेकींची वार पाच-दहा मिनिटांत पडते. अर्धा तास झाला तरी पडली नाही, तर ती अडकली असं धरून डॉक्टर पुढच्या तयारीला लागतात. (लघवी तुंबली असली तरी पिशवी आकसत नाही. इतकी साधी गोष्ट, पण गडबडीत भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.)

आमच्या इन्चार्ज सिस्टर वार ट्रेमध्ये भाकरीसारखी पसरायला लावत. गुठळ्या पुसायच्या, कडेला कड जुळते का, मध्ये कुठे खळगा आहे का, ते बोटाने चाचपायचं. अर्धा किलोच्या त्या वारेचा पेरभर तुकडा आत राहिला, तरी रात्री वॉर्डात पॅडवर पॅड भिजायचे.

शहापूर-मुरबाडकडच्या म्हाताऱ्या सांगायच्या, वार पडेना तर बाळंतिणीच्या तोंडात तिचीच वेणी कोंबायची, ओकारीबरोबर वार येते. उपाय अघोरीच. पण वार पडेपर्यंत त्या बाया तिथून हलत नसत, हेही खरं.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना माझी विनंती आहे, की गरोदरपणाच्या तपासणीला येताना सोबतिणीलाही बोलवावं आणि दहा मिनिटं बसवून समजावावं. मोबाइल बाहेर ठेवा. वार पूर्ण पडली का, ते सिस्टरला विचारा. तासाभरात बाळ छातीला लावा, त्यानेही पिशवी आकसते. पहिले दोन तास पॅडवर नजर ठेवा. बाळंतीण घामाने गार पडली, बोलेनाशी झाली, तर सरळ ओरडा.

आणि दुसऱ्या दिवशी "घरी सोडा" म्हणून सिस्टरच्या मागे लागू नका. 2011 पासून सरकारी दवाखान्यांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम या केंद्राच्या योजनेत साध्या बाळंतपणाला तीन दिवसांपर्यंत आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत आईचं जेवण फुकट आहे. औषधं आणि लागलं तर रक्तही.

– एक निवृत्त परिसेविका, कळवा, ठाणे