कपाळावरचा चष्मा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रात्री अडीचला पाठवलेला फोटो पाहिला. पहिला सिग्नल, तोही तू एकटीनं जुळवलेल्या लेसरवर! मी लगेच ‘छान’ लिहिलं. मग फोटो पुन्हा उघडला. लेसरपासून डोळे वाचवणारा चष्मा कपाळावर होता.

त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मागच्या फोनवर तू म्हणालीस, ‘आई, मी तुझी विद्यार्थिनी नाही.’ खरं आहे. तू करतेस ते मला कधी जमलंच नाही. माझं आयुष्य ट्रिप्टोफॅनच्या, म्हणजे प्रथिनातल्या एका चमकणाऱ्या घटकाच्या, प्रकाशात गेलं. प्रथिन घडी घालून बसलेलं असलं की त्या प्रकाशाचं शिखर 330 नॅनोमीटरच्या आसपास, युरियात उलगडलं की 350 च्या. मधल्या त्या वीस नॅनोमीटरमध्ये माझी किती वर्षं गेली! मला नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे अब्जांश, दिसायचे. तू त्याच्याही दहा लाखाव्या भागाच्या, फेमटोसेकंदांच्या स्पंदांनी प्रथिनाच्या साखळीतले अमाइडचे बंध हलताना पाहतेस. मामा विचारतो, प्रथिनाची रचना संगणकच सांगतो, त्या कामाला 2024 चं नोबेलही मिळालं, मग ही काय शोधते? मी त्याला सांगते, घडी कशी दिसते ते संगणक सांगतो. ती पडताना काय होतं, ते सई बघते. हे सांगताना माझा आवाज चढतो, असं बाबा म्हणतात.

पण सई, 800 नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जेमतेम दिसतो. नीट दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग तो थेट पडद्यावर एकवटतं. त्यापासून तू बनवतेस तो सहा मायक्रॉनचा तर मुळीच दिसत नाही, तो बुबुळावरचा पारदर्शक थर भाजतो. टेबलाच्या उंचीला वाकायचं नाही. घड्याळ, अंगठी काढून ठेवायची. रात्री एकटीनं आरसे हलवायचे नाहीत.

झालं माझं व्याख्यान सुरू. माफ कर. हे तुला पहिल्याच दिवशी शिकवलं असणार.

तू सात वर्षांची असताना माझ्याबरोबर अंधाऱ्या खोलीत बसायचीस. एकदा विचारलंस, ‘उलगडल्यावर त्याची परत घडी कोण घालतं?’ मी म्हटलं, कोणी नाही, त्याचं तेच घालतं. अँफिन्सन या शास्त्रज्ञानं रायबोन्यूक्लिएज या प्रथिनावर हेच दाखवलं आणि 1972 चं नोबेल मिळवलं, हेही सांगून टाकलं. सात वर्षांच्या मुलीला! तू तुझा रुमाल उलगडून टेबलावर ठेवलास आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलीस.

आता जे सांगायचं टाळत आले ते लिहिते. माझ्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे असं तुला सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. 885 नॅनोमीटरचा किरण तिसऱ्या हिश्श्यावर, 295 वर आणायची जुळणी करत होते. चष्मा कपाळावर सरकवला होता, बोटात अंगठी होती. एक क्षण, दुखलंसुद्धा नाही. तेव्हापासून मधोमध राखाडी ठिपका आहे, वाचताना अक्षर गळतं. तू बारावीत होतीस. खरं सांगितलं तर तू हा विषय घेणार नाहीस, या भीतीनं गप्प राहिले. ते चुकलंच माझं.

चष्मा लावत जा. एवढंच, पुन्हा नाही लिहिणार.

तुझ्या आलेखात अमाइडच्या बंधांचं 1650 प्रति सेंटीमीटरचं शिखर स्पष्ट आहे. 1630 पाशी एक छोटा उंचवटा आहे का गं? मला तो नीट दिसत नाही. मोठा करून पाठव.

तुझी,
आई