नावावरची चांदणी खोडल्याबद्दल

दादा,

सप्रेम नमस्कार.

निर्वासितांच्या कवितांची मराठी भाषांतरं तुम्ही चेंबूर कॅम्पातल्या तुमच्या घरी ओळ न् ओळ तपासून दिलीत. त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघडं पत्र.

हेच बाड आधी एका नामवंत संस्थेच्या तज्ज्ञांकडे गेलं होतं. परत आलं तेव्हा जागोजाग 'वेदना' आणि 'आक्रोश' घुसले होते, ओळींच्या शेवटी उद्गारचिन्हांची रांग लागली होती. हेतू वाईट नसेलही. पण युद्धातून सुटलेला माणूस कवितेत फारसा ओरडत नाही. त्याचं दुखणं सर्वनामात, क्रियापदाच्या काळात, पुन्हापुन्हा येणाऱ्या एखाद्या शब्दात बसलेलं असतं. तिथे रंधा मारला की कविता गुळगुळीत होते आणि मरते.

ज्यू कवी पॉल सेलानचंच घ्या. आईवडील छावणीत गेले, पुढे स्वतः आपलं गाव चेर्नोव्हित्स सोडून बुखारेस्ट, व्हिएन्ना, पॅरिस असा फिरला, आणि लिहीत राहिला मारेकऱ्यांच्याच जर्मनमध्ये, कारण आईची भाषाही तीच. त्याच्या 'मृत्यूची फ्यूग' (फ्यूग म्हणजे एकच सूर परत परत येणारी संगीतरचना) या कवितेत 'पहाटेचं काळं दूध' चार वेळा येतं. पहिल्यांदा 'आम्ही ते पितो', पुढे मात्र 'आम्ही तुला पितो'. मूळ कवितेत विरामचिन्ह एकही नाही, त्यामुळे श्वास घ्यायला जागाच राहत नाही. तज्ज्ञांनी चारपैकी दोन आवर्तनं 'पुनरुक्ती' म्हणून कापली, उरलेल्या दोन्हीकडे 'ते' केलं आणि वर स्वल्पविराम दिले. तुम्ही सगळं होतं तसं परत बसवलंत. समासात एवढंच लिहिलंत: 'विसरता येत नाही म्हणून परत येतं.'

आणखी एक, तुमच्या भाषेतलं. सिंधी देवनागरीत ॻ, ॼ, ॾ, ॿ ही आत ओढून म्हणायची अक्षरं. त्यांच्याखालची रेघ साध्या फाँटमध्ये उडते आणि मुद्रितशोधकाला ती छपाईचा डाग वाटते. रेघ असली की 'ॿार' म्हणजे मूल, नसली की 'बार' म्हणजे ओझं. निर्वासितांच्या कवितेत ही चूक किती महागात पडेल! प्रत्येक रेघ तुम्ही टोकदार पेन्सिलीने हाताने भरलीत.

पण खरे आभार त्याहून लहान गोष्टीचे.

सिंधी कवी शेख अयाझची १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धातली कविता. फाळणीत नारायण श्याम भारतात आले, अयाझ तिकडे पाकिस्तानातच राहिला. युद्ध पेटल्यावर त्याने लिहिलं की समोर नारायण श्याम आहे, त्याच्यावर बंदूक कशी रोखू? त्याला तुरुंगही बघावा लागला. आमच्या खर्ड्यात श्यामच्या नावावर चांदणी होती आणि खाली तळटीप: 'सिंधी कवी, १९२२–१९८९'. तुम्ही ती चांदणी खोडलीत, तळटीप खोडलीत आणि समासात एकच शब्द लिहिलात: 'मित्र'. बाकी काही बोलला नाहीत. चहाचा कप पुढे सरकवलात आणि पान उलटलंत.

त्या एका खोडण्याने कवितेचं यंत्र उघडं पडलं. त्या ओळीत विशेषण नाही, उपमा नाही, नुसतं एक नाव आहे. तळटीप दिली की नावाचा माणूस जातो आणि नोंद उरते. निर्वासितांच्या वाट्याला नोंदी काय कमी येतात? फॉर्म, कार्ड, बराकीचा नंबर. बराकी गेल्या, इमारती आल्या, तरी चेंबुरात रिक्षावाल्याला आजही 'कॅम्प'च सांगावं लागतं. समोरच्याचं नाव नावासारखं घेणं ही खरं तर साधी माणुसकी. ती पदव्यांबरोबर मिळत नाही, हे या बाडाच्या प्रवासात चांगलंच दिसलं.

राहता राहिला पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश. १९४८ मध्ये त्याचं अल-बिरवा गाव उद्ध्वस्त झालं. कुटुंब लेबनॉनला पळालं, परत आलं तोवर जनगणना होऊन गेली होती, म्हणून आपल्याच मुलखात ते कागदोपत्री 'हजर-गैरहजर' ठरले. १९६४ च्या 'ओळखपत्र' या कवितेत तो समोरच्या अधिकाऱ्याला परत परत फर्मावतो. तज्ज्ञांनी तिथे 'नोंद करावी' केलं होतं, म्हणजे अर्जच झाला. 'नोंद करा' म्हटलं तरी हात जोडल्यासारखं वाटतं. आम्ही 'लिहून घे' ठेवलंय, शेजारी कंसात 'लिही' आहे. 'लिही'त धार आहे, पण 'लिहून घे'त तो खुर्चीवरचा माणूस दिसतो. या दोन्हींवर तुम्ही खूण केलेली नाही. मंगळवारी संध्याकाळी तेवढं एक पान घेऊन येतो.

तुमचे,
भाषांतराचं बाड घेऊन येणारे आम्ही तिघे