बाबा, कालवडी विकायच्या आधी

रॉसकॉमन, आयर्लंड
सप्टेंबर

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पोळ्याचे फोटो मिळाले. बैलांच्या शिंगांचं बेगड छान दिसतंय. पण बाबा, मी फोटो मोठा करून पाहिला तो मागे दावणीला बांधलेल्या दोन कालवडींसाठी. तुम्ही म्हणालात, "खातात सगळं, पण अंगाला लागत नाही. बाजार दाखवावा म्हणतो." फोनवर घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहितेय. गेल्या आठवड्यात इथल्या एका शेतकऱ्यापुढे अगदी हाच प्रश्न होता. आधी तो सांगते, म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल.

इथं मांसासाठीची गुरं दोन-तीन हात बदलत मोठी होतात. एकाकडे वासरं जन्मतात. दुसरा वर्ष-दीड वर्षाची कच्ची जनावरं मार्टमधून, म्हणजे इथल्या गुरांच्या बाजारातून, आणतो, उन्हाळाभर गवतावर चारतो आणि वजन वाढवून पुढे विकतो. या कच्च्या जनावरांना 'स्टोअर' म्हणतात. शेवट कुठे होतो ते आई, तुला ठाऊक आहे आणि ते तुला रुचत नाही, हेही मला ठाऊक आहे. मी ते आडपडद्यानं लिहिणार नाही. पण जनावर जोवर माझ्यासमोर उभं आहे तोवर त्याचं दुखणं शोधायचं, हे मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकले तेच इथं करते.

हा शेतकरी म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. रान पाणथळ, लव्हाळ्याचं. एप्रिलमध्ये चोवीस खच्ची गोऱ्हे गवतावर सोडले तेव्हा सरासरी वजन 350 किलोच्या आसपास होतं. चांगल्या गवतावर अशा जनावराचं वजन रोज किलोच्या आसपास वाढायला हवं. पाच महिन्यांनी खोड्यात घेऊन वजनं केली, तर सतरा जण 480 च्या पुढे आणि सात जण 400 च्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे दिवसाला जेमतेम 300 ग्रॅम. आजोबा म्हणाले, "गवत कमी पडलं असेल. हिवाळा काढू, पुढच्या उन्हाळ्यात सुधारतील."

गवताचा दोष होताच. इथलं गवत आठ-दहा सेंटिमीटरचं असताना जनावर आत सोडायचं आणि चारेक सेंटिमीटरवर आलं की पुढच्या पट्ट्यात न्यायचं, तर ते कोवळं राहतं. जूनमध्ये यांनी ते तुऱ्यावर येऊ दिलं. मग नुसता दांडा उरतो, पोट भरतं पण पचत नाही. शिवाय पावसाळी गवतात पाणीच इतकं, की भराभर खाऊनही पोटात कोरडा चारा थोडाच जातो. पण बाबा, तेच गवत खाऊन सतरा जण वाढले होते. मग या सातांचंच काय बिनसलं?

मी एकेकाला खोड्यात घेतलं. तिघांना नुसतं हाकलून आणलं तरी मान लांब करून खोकत होते. फुप्फुसातल्या कृमींचा खोकला तो. इथं तो उन्हाळ्याच्या अखेरीला हटकून येतो आणि ज्यांना पहिल्या वर्षी त्याची ओळख झालेली नसते त्यांना जास्त धरतो. दोघांच्या शेणात पर्णकृमीची, म्हणजे यकृतात राहणाऱ्या चपट्या जंताची, अंडी सापडली. पापणी उलटवून पाहिली, गुलाबी असायची ती पांढुरकी होती. हे दोघे रानाच्या सगळ्यात चिखलाच्या कोपऱ्यात चरत, जिथं लहान गोगलगायी असतात. कृमीचं अर्धं आयुष्य त्या गोगलगायीतच जातं. सहावा गोऱ्हा आजारी नव्हताच. आधीच्या मालकानं त्याला हिवाळाभर खुराक चारून गुबगुबीत केलं होतं. जो हिवाळ्यात बेताचा राहतो तो गवतावर आल्यावर कसर भरून काढतो. हा आधीच भरलेला, त्यामुळे गवतावर त्याची वाढ मंदावली.

सातव्यात मला काहीच सापडलं नाही. रक्तात तांबं ठीक होतं. बीव्हीडी या विषाणूच्या रोगामुळे जन्मभर खुरटलेली वासरं निघतात, पण इथं 2013 पासून प्रत्येक वासराच्या कानाचा तुकडा तपासणं सक्तीचं आहे, तेही याचं नीट होतं. हाडापेरानंच आखूड. काही जनावरं तशीच असतात.

मग निर्णय सातांसाठी एक कसा करणार? आजोबांना सगळेच ठेवायचे होते, कारण रोडावलेलं जनावर मार्टमध्ये नेलं की चारचौघांत मान खाली जाते. ही भावना मला समजते, आपल्या बाजारातही तेच आहे. पण इथं गुरं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गोठ्यात असतात आणि प्रत्येक तोंडाला मुरघास लागतो. दिवसाला 300 ग्रॅम वाढणारं जनावर तेवढंच खातं. म्हणून मी त्यांना सांगितलं: आखूड गोऱ्हा आत्ताच विका, कारण पुढच्या महिन्यात सगळे एकदम बाजारात उतरतात आणि भाव पडतो. गुबगुबीताला आत घ्या, खुराक द्या, थंडीच्या आधी मोकळे व्हा. पर्णकृमीचे दोघे उंचीला, लांबीला चांगले आहेत. औषध देऊन हिवाळा काढा, पुढच्या गवतावर तेच सगळ्यांत जास्त देतील. आणि खोकणारे तिघे विकायचे नाहीत. औषध द्यायचं, महिना-दीड महिन्यानं परत वजन करायचं. आजारी जनावर दुसऱ्याच्या गळ्यात मारणं त्यांना पटणारं नव्हतंच. आजोबांनी बराच वेळ मान डोलावली नाही. पण आखूड गोऱ्हा दुसऱ्याच दिवशी गेला.

आता आपलं. आपल्या कालवडी वजनासाठी नाहीत, दुधासाठी आहेत, म्हणून इथला हिशोब जसाच्या तसा लावता येत नाही. गोऱ्हा असता तर प्रश्न आणखी अवघड झाला असता, 2015 पासून बैल-गोऱ्ह्यांनाही गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू आहे आणि कामाच्या नसलेल्या जनावराला गिऱ्हाईक मिळत नाही. कालवडीचं तसं नाही, पण आज विकलीत तर रोडकी म्हणून निम्म्या किमतीत जाईल, आणि दोष तिचा नसेलही.

मला संशय आहे तो भाताच्या खाचरांचा. तुम्ही त्यांना श्रावणात बांधावर चारता. आपल्याकडेही गोगलगायी त्या ओलीतच असतात, पर्णकृमीची जात तेवढी वेगळी. त्यामुळे एवढं करा: सकाळचं ताजं शेण, दोन्हींचं वेगवेगळं, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या आणि "पर्णकृमी बघा" असं स्पष्ट सांगा. नव्या लागणीत तीनेक महिने अंडी दिसतच नाहीत, म्हणून आत्ता काही आलं नाही तरी दिवाळीनंतर पुन्हा द्या. जबड्याखाली पाणी साठल्यासारखी सूज दिसली तर मात्र थांबू नका. औषध डॉक्टर सांगतील तेच, दुकानातून आपल्या मनानं नको. खाचर वाळेपर्यंत बांधावर सोडू नका, गवत कापून, थोडं सुकवून घाला. खनिज मिश्रण रोज 30 ग्रॅम.

आणि वजन. काटा नाही, पण आईची शिवणाची टेप आहे. सकाळी चाऱ्यापाण्याच्या आधी पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 52 आणि लांबी 46 आली तर 188 किलो. दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. संकरित कालवड अडीचशे किलोच्या आसपास गेली की भरवायचा, म्हणजे गाभण करायचा, विचार करता येतो.

औषधानंतर दोन महिन्यांत दोघींपैकी जी वाढेल ती ठेवा. जी वाढणार नाही तिला तेव्हा विका, आणि घेणाऱ्याला खरं ते सांगून विका. आई, तिच्यावर तुझा जीव आहे, रोजची अर्धी भाकरी तिलाच जाते, हे मला माहीत आहे. पण उन्हाळ्यात चारा विकत आणायची वेळ आली की बाबांच्या औषधपाण्याचे पैसे तिकडे जातात, आणि तू ते मला सांगत नाहीस. म्हणून निर्णय मार्चवर ढकलू नका, ते दोन महिने भरले की लगेच घ्या.

बाबा, खोड्याशिवाय लाथ मारणाऱ्या कालवडीला एकट्यानं धरू नका, दादाला हाक मारा. रविवारी फोन करते, पहिली मापं तेवढी घेऊन ठेवा.

तुमची,
ताई