ख्रिसमसला नको, फेब्रुवारीत ये

एस्पो, फिनलंड, ९ नोव्हेंबर

प्रिय वैशू,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, दुसऱ्यांदा फक्त मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या म्हणून. येताय हे पक्कं ना? मग आधीच सांगते, डिसेंबरात येऊ नकोस. मला माहितीये पोरांना सांताक्लॉज ख्रिसमसलाच बघायचाय, पण तेव्हा अख्खं जग तिकडे लोटतं, भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि वर अंधार. रोवानिएमीत, म्हणजे सांताच्या गावाजवळच्या शहरात, डिसेंबरच्या शेवटी सूर्य जेमतेम दोन तास वर असतो, तोही झाडांच्या शेंड्याला टेकून. अजून वर उत्स्योकीकडे तर दीड महिन्याहून थोडा जास्तच काळ उगवतच नाही, त्याला इथे कामोस म्हणतात. तो निळा उजेड सुंदर असतो, खोटं नाही बोलणार, पण तुझी अन्वी दुपारी तीनला झोप आली म्हणून रडेल.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ये. आमच्याकडे शाळांना तेव्हा स्कीची सुट्टी असते, आठेक तास उजेड, बर्फ गुडघाभर, आपण सगळे मिळूनच वर जाऊ. गेल्या वर्षी आम्ही सासूबाईंना घेऊन तसंच गेलो होतो, आता त्याचंच सांगते.

हेलसिंकीहून रात्रीची ट्रेन पकडायची. साधारण बारा तास लागतात, झोपायची केबिन मिळते, विमानापेक्षा मला हेच आवडतं कारण पोरांची निम्मी मजा तिथेच होते. सासूबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि मग अंगावर शाल घेऊन खिडकीपाशी बसल्या त्या बसल्याच. बाहेर काळोख, मधूनच एखादं स्टेशन, बर्फात बुडालेल्या गाड्या, परत काळोख. सकाळी म्हणाल्या, एक माणूस दिसला नाही गं रात्रभर, एवढी जमीन कसते कोण? मी म्हटलं कोणीच नाही, सगळं जंगल आहे.

सांताचं गाव शहराबाहेर आठेक किलोमीटरवर आहे. आत जायला तिकीट नाही, सांताला भेटायलाही पैसे नाहीत, पण आपला कॅमेरा तिथे चालत नाही आणि त्यांनी काढलेला फोटो घ्यायचा तर खिसा हलका होतो. तेव्हा फोटोचं मुलांना आधी कबूल करू नकोस. खरं सांगू का, तासाभरात बघून होतं ते, बाकी सगळी दुकानंच. जमिनीवर आर्क्टिक वृत्ताची रेघ आहे, सगळे तिच्या अल्याडपल्याड एकेक पाय ठेवून फोटो काढतात, आम्हीही काढला. गंमत म्हणजे पृथ्वीच्या आसाचा कल थोडा थोडा कमी होतोय म्हणून खरं वृत्त दरवर्षी चौदा-पंधरा मीटर उत्तरेला सरकतं, त्यामुळे रेघ एकीकडे आणि वृत्त एकीकडे. ह्या गावाची सुरुवात म्हणजे १९५० साली एलेनॉर रूझवेल्ट, म्हणजे अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, बघायला येणार म्हणून घाईघाईत बांधलेलं एक लाकडी घर. त्याआधी १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने रोवानिएमी जवळपास सगळं जाळून टाकलं होतं, मग आल्वार आल्तो ह्या फिनिश वास्तुविशारदाने नवा आराखडा काढला आणि त्यात रस्ते रेनडिअरच्या शिंगांसारखे बसवले. म्हणून जुनं शहर शोधायला जाऊ नकोस, नाहीये.

तिथलं पोस्ट ऑफिस मात्र चुकवायचं नाही. जगभरातून सांताला आलेली पत्रं देशवार रचून ठेवलेली असतात आणि बाहेर दोन पेट्या, एका पेटीतलं पत्र लगेच जातं आणि लाल पेटीतलं थेट येत्या ख्रिसमसला. आमच्या सईने सांगलीला माझ्या बाबांना कार्ड लिहिलं, अर्धा तास जीभ बाहेर काढून, आणि मी तिकीट लावेपर्यंत पळत जाऊन लाल पेटीत टाकलं. का, तर लाल आवडतो. फेब्रुवारीत टाकलेलं कार्ड! बाबा अजून दर रविवारी विचारतात, काय झालं गं त्या पत्राचं, तुमचं पण पोस्ट आपल्यासारखंच का?

आता रेनडिअर. ह्याला पैसे घाल, बाकी कशाला नाही घातलेस तरी चालेल. हस्कींच्या गाडीचं आकर्षण सगळ्यांना असतं पण ती कुत्री सुसाट सुटतात, वारा तोंडावर येतो आणि लहान पोरं पाच मिनिटांत थंडीने रडतात, आमचा ईशान रडला. रेनडिअरची घसरगाडी म्हणजे आपली बैलगाडी गं, निवांत. खाली कातडं, वर घोंगडं, जंगलातून चाललोय, आणि कुठूनतरी टक्, टक्, टक्. सासूबाई म्हणाल्या, पैंजण आहेत की रे ह्याच्या पायात! मालकाने सांगितलं की चालताना पायातली शीर हाडावरून सरकते त्याचा तो आवाज, हिमवादळात काही दिसेनासं झालं की कळप त्या आवाजावर एकत्र राहतो. आमच्या गाडीचा प्राणी खच्ची केलेला नर होता, हे कळल्यावर सासूबाई एकदम घरच्यासारख्या झाल्या, बैलच की मग म्हणे, आणि त्याच्या मानेवरून हात फिरवायला लागल्या. पण नवरोबाने माती खाल्ली. तुमच्याकडे एकूण किती रेनडिअर, असं विचारलं. इथे ते विचारणं म्हणजे बँकेत किती आहेत विचारण्यासारखं. मालक शांतपणे म्हणाला, झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत. तू आधीच तुझ्या नवऱ्याला सांगून ठेव, त्याला आकड्यांची फार हौस.

संध्याकाळी हॉटेलात मेनूवर पहिलंच नाव रेनडिअरच्या मटणाचं. ईशानने मला विचारलं, सकाळचाच का? त्याने नुसता ब्रेड खाल्ला. तुम्हाला प्रश्नच नाही, आपण मॉकी घेऊ, म्हणजे लाकडी घर, त्यात स्वयंपाकघर आणि सौना, म्हणजे वाफेची गरम खोली, दोन्ही असतं. मेतकूट आण, भडंग आण, खिचडी मी करते. सामन माशाचं दुधातलं सूप खाणाऱ्यांनी खावं, फार छान असतं.

रानुआचं प्राणीसंग्रहालय साधारण ऐंशी किलोमीटरवर, एक दिवस ठेव. ध्रुवीय अस्वल आहे, मायनस वीसमध्ये बर्फावर पोट टेकून असं पसरलं होतं जसं मे महिन्यात आपले आजोबा ओसरीवर. तपकिरी अस्वलं थंडीत झोपलेली असतात, ती दिसणार नाहीत. शहरात आर्क्टिकम म्हणून म्युझियम आहे, फार थंडी पडली तर दुपार तिथे काढता येते, लांबच्या लांब काचेचा बोगदा नदीच्या दिशेने जातो. केमीला समुद्राकाठी बर्फाचा किल्ला असतो, आमचा राहिला, तुमच्याबरोबर बघू.

उत्तर ध्रुवप्रकाशासाठी आम्ही पैसे भरून बसने गेलो, तीन तास ढग बघितले आणि जळलेला सॉसेज खाऊन परत आलो. ढगांना काय बोलणार. दुसऱ्या रात्री मी सौनासाठी लाकडं आणायला बाहेर गेले तर छपरावर धुरासारखा एक राखाडी पट्टा, मला वाटलं आमच्याच चिमणीचा धूर, आणि बघता बघता तो हिरवा होऊन हलायला लागला. हातातली लाकडं टाकून ओरडले. सगळे मोजे-चपलांत बाहेर, सासूबाई कानटोपीत, हात जोडून. फिनिश लोक त्याला रेवोन्तुलेत म्हणतात, कोल्ह्याची आग, कोल्हा बर्फातून पळतो आणि त्याच्या शेपटीने ठिणग्या उडतात अशी गोष्ट आहे. डोळ्याला ते मोबाईलइतकं भडक हिरवं दिसत नाही हे माहीत असू दे, आणि मोबाईल स्वेटरच्या आतल्या खिशात ठेव, माझा चाळीस टक्क्यांवर असताना थंडीने बंद पडला आणि त्या चार मिनिटांचा माझ्याकडे एकही फोटो नाही.

पण पोरांना विचारशील तर सगळ्यात भारी काय? पुल्का. प्लॅस्टिकची घसरगाडी गं, सुपरमार्केटात काही युरोंना मिळते. घरामागच्या टेकाडावरून दोन दिवस वर-खाली, वर-खाली, जेवायलाही येईनात.

कपड्यांचं ऐक. तिकडून जाड जॅकेटं विकत घेऊन बॅगा भरू नकोस. आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं, असे तीन थर, आणि सुती काही म्हणजे काही नको, मोजेसुद्धा, घाम शोषून गार पडतात. पहिल्या हिवाळ्यात मी पुण्याहून घेतलेले मापात बसणारे बूट घातले, त्यात दोन मोजे कोंबले, वीस मिनिटांत बोटं कुठायत कळेना. बूट एक नंबर मोठाच हवा, आत हवा राहायला. इथे किरप्पुतोरी असते, जुन्या वस्तूंचा बाजार, पोरांचे बर्फाचे सूट तिथे एकदम स्वस्त आणि चांगले मिळतात, इथली पोरंही तेच घालतात.

तर अन्वी आणि छोट्याची पायाची मापं सेंटिमीटरमध्ये पाठव, कागदावर पाय ठेवून पेन्सिलने आखून, ह्या रविवारपर्यंत, म्हणजे मी आतापासून शोधायला लागते. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट आजच बघ, उद्या नाही. ट्रेनची केबिनं त्या आठवड्यात पटकन संपतात, तुझं हो आलं की मी बुक करते.

सासूबाई यंदाही येणार म्हणतायत, त्या बैलासाठी.

तुझीच,
मनी

ता.क. बाबा बाजारात भेटले तर लाल पेटीचं बोलू नकोस. ख्रिसमसच्या आसपास पोस्टमन येईलच.