छातीवरची चकती

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दोस्ता,

फोन करणार होतो. पण मला धड ऐकू येत नाही आणि मग तू ओरडायला लागतोस. पंधरा गणेशोत्सव कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रोडनं गेलो, कानात कधी कापूस घातला नाही, त्याचं हे फळ.

तर भाचीचा प्रयोग झाला, नाचताना अंगातले आवाज स्पीकरवर ऐकवायचा. तीच, कथ्थकवाली. जूनमध्ये मला तापकीर गल्लीत ओढून नेलं आणि बझरमधल्या पितळी चकत्या घेतल्या, नाण्याएवढ्या. चकतीला जरा कंप बसला की तिच्यातून वीज निघते, ती स्पीकरात सोडली की आवाज. क्युरी बंधूंनी १८८० साली शोधलेला गुण. सोल्डरिंग मी केलं. पहिल्या दिवशी नुसतं घूंऽऽ, घरातल्या विजेचं, ५० हर्ट्‌झचं. जाळीची वायर घातली तेव्हा गेलं.

प्रयोग सदाशिव पेठेत, एका वाड्याच्या माडीवर. चकत्या छातीवर, गळ्याला, टाचांना, पट्टीनं चिकटवलेल्या. घुंगरू नाहीत. त्यावरूनच भाऊजी बिनसले होते. "इतकी वर्षं शिकलीस ती हे ऐकवायला?" येणार नाही म्हणाले.

तत्कार, म्हणजे कथ्थकमधलं पायांचं काम, झकास झाला. मग दहा मिनिटं नुसतं गिळणं आणि श्वास. रटाळ. तसं सांगितलं तर रुसली.

शेवटी ती खाली बसली आणि फक्त हृदय उरलं. हा आवाज इतका खर्जातला की फोनच्या स्पीकरवर जवळजवळ वाजतच नाही. म्हणून तिनं मोठा सबवूफर जमिनीवरच ठेवलेला. लोक माना डोलवत होते, मला काही नाही. सहज तळहात फळ्यांवर टेकला आणि अरे, आला! मिरवणुकीत पोटात बसायचा तसा ठोका. हळूहळू संथ होत चाललेला.

तेवढ्यात घामानं गळ्याची पट्टी सुटली, चकती फळीवर पडली. आता हाताखाली दुसरंच काही, धप्, धप्. कुणीतरी जिना चढत होतं. तिचा चेहरा हलला नाही, पण ठोके पळायला लागले. माणूस दिसायच्या आधी. दारात भाऊजी, हातात हेल्मेट.

नंतर एक गृहस्थ गहिवरून म्हणाले, "अनाहत नाद!" ती म्हणाली, "नाही काका, झडपा बंद होतात त्याचा आवाज. आहतच, आघातानं उमटलेला."

आता पुढचं. १९६५ साली अमेरिकेत आल्विन लुसिअर या माणसानं डोक्याला इलेक्ट्रोड लावून, डोळे मिटून बसून, मेंदूच्या लहरी स्पीकरांत सोडल्या आणि त्या कंपांनी ढोल-झांजा वाजल्या. आपण घाम गाळत होतो उगाच! हिला तेच हृदयावर करायचंय. स्पीकर ढोलाच्या पोटात. तुझ्या माळ्यावर आपला तो जुना ढोल आहे ना? पान फाटलं असेल तर मी बदलून घेईन. वहिनींना न विचारता खाली काढून ठेव, पुढच्या शनिवारी टेम्पो घेऊन येतो.

तुझाच,
अर्धा बहिरा