चिनी अक्षरांची कार्डे स्वतः बनवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चिनी शिकायला घेतलेले अनेक विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात अँकीसारखे कार्डांवरून उजळणी करून घेणारे ॲप घेतात, तीन हजार अक्षरांचा तयार संच उतरवून घेतात आणि दोन-तीन महिन्यांत सगळेच सोडून देतात. ‘ही लिपी आपल्या डोक्यात राहत नाही’ असा निष्कर्ष मग निघतो. तो चुकीचा आहे आणि त्यापायी चांगले विद्यार्थी या भाषेला मुकतात, म्हणून हे पत्र.

अंतर वाढवत नेत उजळणी करण्याची पद्धत भक्कम आहे. विसरण्याचा वेग जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवला होता. पोलंडचे संशोधक प्योत्र वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये या उजळणीचे सूत्र संगणकावर आणले. त्या सूत्रात बरोबर आलेले कार्ड आधी १ दिवसाने, मग ६ दिवसांनी आणि पुढे दर वेळी साधारण अडीचपट अंतराने समोर येते : १५ दिवस, ३८ दिवस, तीन महिने. पण सूत्र फक्त तारीख ठरवते. कार्डावर काय लिहिले आहे, ते कधी नीट समजले होते का, हे त्याला कळत नाही. न शिकलेल्या अक्षराची उजळणी होत नाही, नुसता अंदाज होतो. आणि तोच चुकीचा अंदाज वारंवार केला की तो पक्का बसतो.

म्हणून कार्ड बनवण्याआधी अक्षर फोडून पाहावे. बहुसंख्य चिनी अक्षरांत एक भाग अर्थाचा आणि एक भाग उच्चाराचा असतो. हिरवा-निळा रंग दाखवणारे ‘छिंग’ घ्या. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब आले की ‘स्वच्छ’ (पहिला सूर, म्हणजे अर्थ बदलणारा आवाजाचा चढ-उतार), हृदय आले की ‘भावना’ (दुसरा), सूर्य आला की ‘निरभ्र’ (दुसरा), वाणी (बोलणे) आली की ‘विनंती’ (तिसरा). चारही अक्षरांचा उच्चार छिंगच, बदलतो तो सूर. डोळा आला की मात्र उच्चार ‘चिंग’ होतो आणि अर्थ बुबुळाचा. सूर्य आणि डोळा या भागांत फरक केवळ आतल्या एका आडव्या रेघेचा. तयार संचात ही पाच अक्षरे पाच ठिकाणी विखुरलेली येतात आणि विद्यार्थी पाच वेगवेगळी चित्रे पाठ करत बसतो. नेहमी लागणारे ऐंशी-शंभर घटक आधी नावानिशी ओळखीचे करून घेतले, तर पुढचे प्रत्येक अक्षर दोन-तीन परिचित तुकड्यांचे उरते. यावर दोन-तीन आठवडे गेले तरी ते वाया जात नाहीत.

आता कार्ड. एका कार्डावर एकच प्रश्न असावा. समोर सुटे अक्षर आणि मागे उच्चार, सूर, सहा अर्थ, रेघांचा क्रम, चार उदाहरणे असे कार्ड कधीच पूर्ण बरोबर येत नाही, मग गुण देताना मन पळवाटा काढते. समोर अक्षर एखाद्या शब्दात घालून द्यावे. याचे कारण व्यावहारिक आहे : कित्येक अक्षरांना दोन उच्चार असतात. ‘बँक’ या अर्थाच्या यिनहांग शब्दातले दुसरे अक्षर ‘पादचारी’च्या शब्दात शिंग असे वाचतात. ते सुटे विचारले, तर कोणते उत्तर बरोबर धरायचे? मागे उच्चार, सूर, त्या शब्दापुरता अर्थ आणि ध्वनिफीत एवढे पुरे. फोड आणि आठवणीची खूण खाली बारीक अक्षरात असावी. ती वाचायला आहे, तिची परीक्षा नाही.

अर्थ मराठीतच लिहावा. ‘वोमन’ आणि ‘त्सानमन’ या दोन सर्वनामांपैकी दुसरे ऐकणाऱ्यालाही सामावून घेते. इंग्रजीत ‘वी’ लिहिले की दोन्ही एकच होतात, मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ लिहिले की फरक जागेवर कळतो. उच्चाराचेही तसेच. पिनयिनमधले, म्हणजे चिनी उच्चारांच्या रोमन लेखनातले, ‘बी’ हे अक्षर आपल्या ‘प’च्या जवळचे आणि ‘पी’ आपल्या ओठ मिटून म्हटलेल्या ‘फ’च्या जवळचे. हा फरक मराठी कानाला उपजत आहे, पण रोमन लिपी वाचताना डोळा ‘ब’ वाचून तो बिघडवतो. म्हणून ध्वनी आधी ऐकावा, पिनयिन नंतर पाहावे.

उलट दिशेची, म्हणजे अर्थावरून अक्षर हाताने लिहायची कार्डे सगळ्या अक्षरांसाठी करू नयेत. त्यांना वेळ दुप्पट-तिप्पट लागतो. पहिल्या तीनशे-चारशे अक्षरांपुरती मात्र ती टाळू नयेत, कारण रेघांचा क्रम आणि घटकांची मांडणी हाताला याच टप्प्यावर कळते. त्यापुढे परीक्षेत हस्तलेखन असेल तरच. अशा कार्डावर नुसते ‘पाहणे’ लिहून चालत नाही, त्याला चिनीत तीन-चार उत्तरे आहेत. शब्दातली गाळलेली जागा भरायला सांगावी.

सर्वांत जास्त चुका जुळ्या दिसणाऱ्या अक्षरांत होतात. ‘अद्याप नाही’चे वेइ आणि ‘शेवट’चे मो यांत वरची आडवी रेघ आखूड की लांब एवढाच फरक आहे : वेइमध्ये वरची आखूड, मोमध्ये वरची लांब. ‘विकत घेणे’ आणि ‘विकणे’ दोन्ही माय. पहिल्याचा सूर तिसरा, दुसऱ्याचा चौथा, आणि विकण्याच्या अक्षराच्या डोक्यावर जादा फुली. अशा जोडीतले दुसरे अक्षर पहिले पक्के झाल्यावरच, दोन-तीन आठवड्यांनी घ्यावे. गोंधळ झालाच, तर दोन्ही अक्षरे शेजारी ठेवून ‘यांतले वेइ कोणते आणि कशावरून?’ असे तिसरे कार्ड करावे. मूळ दोन कार्डे शंभरदा फिरवून जे होत नाही ते या एका कार्डाने होते.

संख्येबाबत कठोर राहावे. अँकीत रोज २० नवी कार्डे हे मूळ प्रमाण ठरलेले असते. नव्या कार्डांच्या सात ते दहापट उजळणी काही आठवड्यांत रोजची होते, म्हणजे २० नव्यांमागे दीडशे-दोनशे. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून शिकणाऱ्याला ७ ते १० नवी पुरेत. एचएसके या चिनीच्या प्रमाणित परीक्षेच्या २०२१च्या मानकात सर्व नऊ पातळ्या मिळून ३,००० अक्षरे आहेत. रोज ८ च्या गतीने तीही साधारण वर्षाभरात एकदा हाताखालून जातात. अँकीच्या नव्या एफएसआरएस पद्धतीत ‘डिझायर्ड रिटेन्शन’, म्हणजे उजळणीच्या वेळी किती कार्डे आठवावीत याचे लक्ष्य, ९० टक्के असते, ते तसेच ठेवावे. ते ९७ वर नेले की उजळणी कित्येक पटींनी वाढते आणि वाचनाला वेळ उरत नाही.

उत्तर आठवले नाही, तर ॲपमधले ‘अगेन’ (पुन्हा) हेच बटण दाबावे. ‘हार्ड’ याचा अर्थ ‘कष्टाने, पण आठवले’ असा आहे. विसरलेल्या कार्डावर दयेने ‘हार्ड’ दाबणाऱ्याचे ॲप ते उत्तर बरोबर धरते आणि कार्ड आणखी लांब ढकलते. सूर चुकला तर उत्तर चूकच. आठ वेळा विसरलेले कार्ड अँकी ‘लीच’ (म्हणजे नुसता वेळ खाणारे कार्ड) ठरवते आणि सेटिंगनुसार बाजूलाही ठेवते. ते तसेच परत आणू नये. जुळे अक्षर आडवे येते का, घटक अनोळखी आहे का, शब्द निरुपयोगी आहे का ते पाहून कार्ड नव्याने लिहावे, नाहीतर काढून टाकावे.

फाँटही तपासावा. मोबाइलवर चिनी भाषा निवडलेली नसेल, तर काही अक्षरे जपानी वळणाने दिसतात. ‘सरळ’ आणि ‘हाड’ या अर्थांची अक्षरे पाहिली की लगेच कळते. चुकीचे वळण हातात बसले, तर ते सुटायला वेळ लागतो.

आजारपणात किंवा परीक्षेच्या दिवसांत पाच-सहाशे कार्डे साचतात आणि बहुतेक जण नेमके तिथेच थांबतात. अशा वेळी नवी कार्डे शून्यावर आणावीत, रोजची मर्यादा ८० ते १०० ठेवावी आणि साचलेला ढीग उपसायला दहा-बारा दिवस द्यावेत. ढीग संपल्यावर आठवडाभर नवी पाचच घ्यावीत.

आपली,
चिनी भाषेची एक अध्यापिका